पीसीओएस : गर्भधारणा आणि अ‍ॅक्युपंक्चर

पीसीओएस (बहुपुटीय अंडाशय लक्षणसमूह) हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांना होणारा, संप्रेरके आणि चयापचय या दोहोंशी निगडित असलेला दीर्घकालीन विकार आहे. बोलण्यात त्याला सर्रास ‘पीसीओडी’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयातील 10 ते 13 टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यांच्यापैकी 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो. शिकागोचे डॉक्टर अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये सात रुग्णांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले.

विकाराचे स्वरूप : पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते आणि अंडाशयात अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक वाढते. अनेकींच्या शरीरात इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद मिळत नाही; रक्तात वाढलेले इन्शुलिन अँड्रोजेनात आणखी भर घालते. परिणामी बीजपुटके अर्ध्यावरच वाढायची थांबतात आणि बीज वेळेवर सुटत नाही. सोनोग्राफीत दिसतात ती हीच थांबलेली बारीक पुटके. त्या गाठी नव्हेत, त्यांना शस्त्रक्रियेने काढावे लागत नाही. पाळी लांबणे, हनुवटीवर व ओठांवर राठ केस येणे, मुरुमे आणि वजनवाढ ही नेहमीची लक्षणे. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, तर पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा.

निदान : 2003 च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित बीजोत्सर्ग, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी बहुपुटके यांपैकी दोन बाबी असाव्या लागतात. थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांचे विकार नाहीत याची आधी खात्री करतात. नुसत्या सोनोग्राफीच्या अहवालावरून निदान होत नाही, किशोरवयात तर नाहीच.

गर्भधारणा : पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. अडचण मुख्यतः बीज सुटण्याची असते आणि तिच्यावर इलाज आहे. वजन जास्त असेल, तर 5 ते 10 टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते. औषधांत लेट्रोझोलला पहिली पसंती असते. अमेरिकेत 750 स्त्रियांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के स्त्रियांना मूल झाले. त्यापुढे गरजेनुसार मेटफॉर्मिन, संप्रेरकांची इंजेक्शने, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आयव्हीएफ हे पर्याय आहेत. दोष सुनेच्या माथी मारून मोकळे होण्याची रीत घातक आहे. पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच झाली पाहिजे.

अ‍ॅक्युपंक्चर : या चिनी पद्धतीत पीसीओएससाठी ओटीपोटावर आणि पायांवर ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचून त्यांतून मंद वीजप्रवाह सोडतात. या जागांचे व अंडाशयाचे मज्जातंतू मेरुरज्जूच्या एकाच भागाशी जोडलेले असल्याने अंडाशयाकडे जाणारे चेतासंदेश शांत होतील, अशी त्यामागची उपपत्ती आहे. तिची सर्वांत मोठी कसोटी चीनमध्ये लागली. 1,000 स्त्रियांवरील ही चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, 16 आठवड्यांपर्यंत उपचार झाले. तुलनेसाठी काहींच्या खांद्यांवर व दंडांवर, मूळ बिंदू सोडून, वरवर सुया टोचल्या आणि वीजप्रवाह बंद ठेवला. खऱ्या उपचारानंतर 21.8 टक्के आणि नकली उपचारानंतर 22.4 टक्के स्त्रियांना मूल झाले. म्हणजे फरक पडला नाही. याच चाचणीत क्लोमिफेनने मात्र हे प्रमाण 15.4 वरून 28.7 टक्क्यांवर नेले. त्यामुळे अ‍ॅक्युपंक्चरने मूल होण्याची शक्यता वाढते, असे म्हणण्यास आज आधार नाही. त्या अर्ध्या तासाच्या स्वस्थतेने कुणाला बरे वाटत असेल, तर मुख्य उपचारासोबत ते घेण्यास हरकत नाही.

महाराष्ट्राचा संबंध : 1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात रुजवले. महाराष्ट्राने 2015 च्या अधिनियमाद्वारे अ‍ॅक्युपंक्चरला कायद्याची चौकट दिली.

दक्षता : उपचार करणारा नोंदणीकृत असावा आणि सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर आधी सांगावे. सुयांच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, गर्भ राहिला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटावे. पाळीच येत नसेल तर तेवढेही थांबू नये. वयाबरोबर बीजांची संख्या व प्रत घटते, म्हणून गुण न येणाऱ्या उपायात गेलेले महिने भरून काढता येत नाहीत.