बोस, सर बिपिनकृष्ण

(१८५१–१९३३). नागपूरचे बंगाली वकील, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मध्य प्रांताचे सभासद, काही काळ हंगामी न्यायाधीश, नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेऊन १८७२ मध्ये ते वकिलीसाठी जबलपूरला आले आणि १८७४ मध्ये नागपूरला. पुढे घर, अशील, मानमरातब सगळे इथेच.

त्या काळी नागपूरला हायकोर्ट नव्हते. ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट हेच प्रांताचे सर्वोच्च न्यायासन. उदाहरणार्थ गोंदिया; ते तेव्हा भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीत होते. तिथला मालगुजार (गावचा सारा भरणारा जमीनमालक) आणि रयत यांचा तंटा भंडाऱ्यात मिटला नाही, तर अपील नागपूरला येई. तंट्याचे विषय ठरलेले : सीर (मालगुजाराची खासगी) जमीन कोणती, कूळ वहिवाटीचे की मर्जीतले, सारा कोणी किती भरायचा. १८८३ च्या कूळकायद्याने वकिलांना भरपूर काम दिले. १८८८ मध्ये बोस सरकारी वकील झाले. अशा खटल्यांत मराठी, हिंदी आणि कायद्याची इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले कागद वाचावे लागत. परप्रांतातून आलेल्या माणसाने या कोर्टात चाळिशीच्या आत सरकारी वकिलाचे पद मिळवणे लहान गोष्ट नव्हे.

प्रांताला स्वतःचे कायदेमंडळ १९१४ पर्यंत नव्हते. त्यामुळे प्रांताचे गाऱ्हाणे मांडायची जागा एकच : कलकत्त्याला, व्हाइसरॉयसमोर. १८९९ च्या सुमारास बोस तिथे सभासद होते आणि १८९६–९७ पाठोपाठ १८९९–१९०० चाही दुष्काळ प्रांतावर कोसळला होता. धानाच्या मुलखाला हे दोन्ही तडाखे जबर बसले. वाढीव साऱ्याने रयत आधीच पिचली होती काय, हा वाद तेव्हा पेटला. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये व्हाइसरॉय कर्झनला लिहिलेल्या खुल्या पत्रांत मध्य प्रांताच्या सारावाढीवर झोड उठवली. सरकारने ही टीका अमान्य केली. दुष्काळाचा दोष पावसाला किती आणि जमाबंदीला किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

बोस यांनी काही काळ अतिरिक्त ज्युडिशियल कमिशनर म्हणून हंगामी कामही केले.

त्यांना मिळालेले किताब : सी.आय.ई. (१८९८), सर (१९०७), के.सी.आय.ई. (१९२०). शेवटचा किताब मिळाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकार मंजूर केला. त्यात किताब सोडणे आणि कोर्टांवर बहिष्कार ही दोन्ही कलमे होती. बोस मवाळ विचारांचे, सरकारच्या मर्जीतले. टिळकपंथी नागपुरात त्यांचे राजकारण मागे पडणे ओघानेच आले.

शिक्षणातले काम मात्र टिकले. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता, मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याच्याकडे सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. सत्तरी ओलांडलेले बोस कुलगुरू झाले. आज गोंदिया जिल्ह्यातली महाविद्यालयेही याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

बोस यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आहेत. त्यांचे नातू व्हिव्हियन बोस १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश, पुढे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.