बॅकअप होता, पण उघडणार कोण?

"काळजी करू नका, बॅकअप घेतलेला आहे." सरकारी कचेरीत, बँकेत, पतसंस्थेत हे वाक्य आपण नेहमी ऐकतो आणि निर्धास्त होतो. २०१७ साली मर्स्क या डेन्मार्कच्या बलाढ्य जहाज कंपनीकडेही बॅकअप होता. तरी तिचा कारभार ठप्प झाला, आणि त्याची झळ आपल्या उरणपर्यंत आली.

२७ जून २०१७ चा दिवस. युक्रेनमध्ये हिशेब आणि कराच्या कामासाठी 'एम.ई.डॉक' नावाचं सॉफ्टवेअर वापरलं जायचं. त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' व्हायरस सोडला गेला. (अमेरिका आणि ब्रिटनने पुढे रशियाच्या लष्करावर ठपका ठेवला, रशियाने तो नाकारला.) मर्स्कच्या ओडेसातल्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर होतं. तेवढं पुरलं. काही तासांत जगभरातले कॉम्प्युटर बंद पडले. कंपनीच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांचं काम अडकलं. त्यात जेएनपीटीतलं टर्मिनलही होतं. तिथे हातानं काम करायची वेळ आली.

आता मुद्द्याची गोष्ट. मर्स्कच्या बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. मग अडलं कुठे? कोणत्या माणसाला, कोणत्या कॉम्प्युटरला कुठली फाइल उघडू द्यायची, याची यादी वेगळ्या सर्व्हरवर असते. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. ती यादीच गेली तर बाकीचे बॅकअप असून नसल्यासारखे. गोदाम शाबूत, पण कुणाला आत सोडायचं ते सांगणारा रखवालदारच गायब!

मर्स्ककडे असे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल ठेवायचे. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण सगळे एकाच जाळ्यात जोडलेले, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले.

वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण काय? हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती! सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता म्हणून बचावला. इंटरनेटवरून तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती लंडनला नेली. त्यानंतर गाडी रुळावर आली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

मर्स्ककडे पैसा होता, माणसं होती, आणि नशिबाने घानात लाइट गेली. आपल्याकडे सातबारा, घरपट्टीच्या नोंदी, पतसंस्थेतल्या ठेवी, सगळं आता कॉम्प्युटरवर आहे. म्हणून "बॅकअप आहे का?" एवढं विचारून थांबू नका. पुढचे तीन प्रश्न विचारा:

१) बॅकअपची एक तरी प्रत नेटवर्कपासून तोडून, दुसऱ्या जागी ठेवली आहे का?
२) मूळ कॉम्प्युटर गेला तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ती उघडायचा अधिकार कुणाकडे आहे? एकाच ऑपरेटरकडे पासवर्ड असेल आणि त्याची बदली झाली, तर काय?
३) ती प्रत उघडून, फाइल परत आणून शेवटचं कधी पाहिलं?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरेल. पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. ग्रामसभाही होतात. चहा-बिस्किटं घेऊन परत येण्याआधी हात वर करून एवढं विचाराच. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.