बाबुराव शेडमाके कशानं हरला?

आपल्या भद्रावतीहून एस.टी.त बसलं की तासाभरात चांदा. तिथल्या जेलातल्या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी एक गोंड जवान फासावर लटकावला. मोलमपल्लीचा बाबुराव पुल्लेसूर शेडमाके. वय २५, म्हणजे आपल्याच बरोबरीचा. दरवर्षी त्या तारखेला तिथं हार पडतात. पडोत. पण दोस्तहो, तो हरला कशानं? विचारलं की एकच उत्तर तयार: अहेरीच्या लक्ष्मीबाईनं दगा दिला. झालं, संपला इतिहास!

इतकं सोपं नाही ते.

१८५४ मधे नागपूरचं राज्य खालसा झालं, चांदा कंपनीच्या घशात गेला. जंगलच्या जमीनदारांवर साहेबाचा हुकूम चालू झाला. बाबुरावला ते खपलं नाही. सप्टेंबर १८५७ मधे त्यानं जंगोम सेना उभी केली. पाचशेच्या आसपास माणसं. गोंड, माडिया, सोबत रोहिले. ७ मार्च १८५८ ला राजगड घेतला. आठवड्याच्या आत नांदगाव-घोसरीला कंपनीच्या फौजेला झोडपलं. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाला. गढीसुर्ल्याच्या डोंगरावरून शिपायांवर दगड लोटले म्हणतात. वाटा याच्या, नाले याचे. फौज काय करणार?

मंग २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर धाड. गार्टलंड आणि हॉल मेले, पीटर निसटला आणि त्यानं कॅप्टन क्रिक्टनला खबर दिली. हिंमत तीच, राजगडची. पण गोरे मेले, तेही तारखात्याचे, आणि तार म्हणजे कंपनीची नस. आता साहेब गप्प बसणार नव्हता. जंगलात हा हाती लागत नाही हे कळल्यावर क्रिक्टननं जंगल सोडलं आणि जमिनीचा कागद धरला. लक्ष्मीबाईला दम दिला: बाबुराव द्या, नाहीतर जमीनदारी जाईल. १८ सप्टेंबरला तिच्या माणसांनी त्याला पकडलं.

बाबुरावचं बळ काय होतं? जमीनदारांची आपसातली नाती, शब्दाला जागणारी माणसं. याच बळावर तो उठला आणि याच दोरीनं बांधला गेला. स्वतः जीव उधळणारा माणूस समजतो, सगळेच उधळतील. मिलमधे संपाच्या वेळी बघा ना, ज्याची खोली मालकाची तो आधी फुटतो. त्याला शिव्या द्या, पण खोली कुणाची हे आधी विचारायला पाहिजे होतं.

आणि एकट्या बाईच्या माथी खापर कायले? व्यंकटराव बस्तरला पळाला, तर १८६० मधे तिथल्या राजानं त्यालाही धरून दिलं. तो तर पुरुष होता, राजा होता. व्यंकटरावला जन्मठेप काळ्या पाण्याची. त्याची अडपल्ली-घोटची गावं लक्ष्मीबाईला बक्षीस.

त्या पाचशेंचं काय झालं? पिंपळाखाली त्यांची नावं कोणी घेत नाही. त्यांच्याकडे जप्त करण्यासारखा कागदच नव्हता.

फाशीनंतर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला, कंपनी गेली. अहेरीची जमीनदारी राहिली. ती गेली १९५० च्या कायद्यानं.