‘निवड’, ‘निवडा’ की ‘निवडावे’?

ठाणे, डोंबिवली, कल्याण स्थानकांवरील तिकीट यंत्रे असोत वा सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका, सूचना मराठीत देताना प्रथम आदराचा प्रश्न सोडवावा लागतो. इंग्रजीत ‘सिलेक्ट’ सर्वांना चालते. मराठीत ‘निवड’ हा एकेरी आज्ञार्थ परक्यास उद्धट वाटतो, तर ‘निवडावे’ या विध्यर्थी रूपाला सरकारी परिपत्रकाची छटा येते. म्हणून ‘निवडा’ रूढ झाले. प्रत्येक पायरीस ‘कृपया’ जोडल्यास सूचना लांबते. प्रतीक्षा वा गैरसोय असेल तेथेच ते शोभते. सौजन्याची खरी कसोटी चूक दाखवताना लागते. ‘तुम्ही चुकीचे स्थानक निवडले’ हा ठपका झाला. ‘हे स्थानक या मार्गावर नाही, पुन्हा निवडा’ हे मार्गदर्शन. मागे रांग खोळंबलेली असताना ठपका वाचून गोंधळलेला नवखा प्रवासी यंत्र सोडून पुन्हा खिडकीकडे वळतो.