गजाआडच्या बापांची पत्रे

आपल्याकडील कितीतरी शाळांच्या भिंतीवर एक पत्र चौकटीत लावलेले दिसते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांस लिहिलेले म्हणून ते ओळखले जाते, आणि वसंत बापटांनी त्याला दिलेले मराठी रूप अनेकांना तोंडपाठ आहे. पत्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण लिंकनच्या समग्र लेखनाचे जे खंड १९५३ पासून प्रसिद्ध झाले, त्यांत ते नाही. मूळ कागदही आजवर कोणी पुढे आणलेला नाही. म्हणून ते भिंतीवरून उतरवावे असे मी म्हणणार नाही. आईबापाने मुलासाठी लिहून ठेवलेल्या शिकवणीची आपल्या लोकांना किती भूक आहे, एवढे त्यावरून कळते. मात्र ही भूक भागविण्यास खऱ्या पत्रांची वाण नाही, आणि त्यांपैकी काही तर कामगारांच्या चळवळीतूनच आलेली आहेत.

पूर्वी ही मिरास थोरामोठ्यांची होती. ज्याच्यापाशी मुलाला देण्यासारखे राज्य, निदान पद, तो उपदेश लिही. अठराव्या शतकातील इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्ड याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्या अनौरस मुलाला, फिलिपला, त्याने १७३७ पासून पत्रे लिहिण्यास आरंभ केला. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. पुढे तीस वर्षे हा क्रम चालला आणि पत्रे चारशेच्यावर गेली. दरबारात कसे वावरावे, कोणाची मर्जी कशी संपादावी, हसावे कितपत, हे सारे त्यांत आहे. मुलाला एकेक पायरी वर कसे चढावे हे बाप शिकवीत होता. १७६८ साली मुलगा वारला तेव्हा बापाला कळले की, त्याने गुपचूप लग्न केले होते आणि त्याला दोन मुलेही होती! चारशे पत्रांत एवढी एक गोष्ट बापाला सांगावी असे मुलाला वाटले नाही. ती पत्रे त्याच्या विधवेनेच १७७४ साली छापून आणली.

आता त्या दरबारातून दीडशे वर्षे पुढे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका तुरुंगात जाऊ. निकोला साको हा इटलीतून १९०८ साली पोटासाठी अमेरिकेत गेलेला कामगार. जोड्यांच्या कारखान्यात तळव्याच्या कडा तासण्याचे काम तो करी. त्या धंद्यात हे हुन्नराचे काम समजले जाई. विचाराने तो अराज्यवादी होता, संपात आणि सभांत पुढे असे. ५ मे १९२० रोजी त्याला आणि मासळी विकणाऱ्या बार्तोलोमेओ व्हान्झेटीला पकडण्यात आले; पगाराची रोकड लुटून दोन खून केल्याचा आरोप दोघांवर ठेवण्यात आला. खून खरोखर कोणी केले याविषयी इतिहासकारांत अजून वाद आहे. खटला मात्र न्यायाने चालला नाही, हे त्या राज्याच्या गव्हर्नरनेच १९७७ साली जाहीर केले. पन्नास वर्षांनी!

साकोचा मुलगा दान्ते बापाच्या अटकेच्या वेळी जेमतेम सात वर्षांचा होता. मुलगी इनेस तर अटकेनंतर जन्मली. सात वर्षे खटला, अर्ज, फेरअर्ज यांत गेली. या काळात एक बाई तुरुंगात येऊन साकोला इंग्रजी शिकवीत, आणि त्या अडखळत्या इंग्रजीत त्याने लिहिलेली पत्रे १९२८ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतले दान्तेला लिहिलेले शेवटचे पत्र १८ ऑगस्ट १९२७ चे आहे. दीर्घ उपोषण नुकतेच सुटले होते, अंगात त्राण नव्हते, आणि फाशीऐवजी तिकडे तेव्हा जी विजेची खुर्ची असे ती पाच दिवसांवर आली होती.

अशा वेळी बाप काय लिहील? आईला धीर दे, हे तर लिहीलच. पण तो कसा द्यावयाचा, तेही साको सांगतो. आईला शांत माळरानावर लांब फिरावयास घेऊन जा, वाटेत रानफुले वेच, झाडाच्या सावलीत जरा बसा. तिला बरे वाटेल. तो स्वतः तसे करीत असे म्हणून त्याला ते ठाऊक. मग तो मूळ गोष्टीकडे वळतो. सुखाच्या खेळात सगळे आपल्यालाच घेऊ नकोस. एक पायरी खाली उतर आणि शेजारी जो दुबळा मदतीसाठी हाका मारतो आहे त्याला हात दे, असा त्याचा आशय आहे. चेस्टरफील्डची पायरी वर जाणारी होती, साकोची खाली येणारी. मी दोन्ही पुस्तके एकाच पावसाळ्यात वाचली, म्हणून हा फरक माझ्या मनात ठसला. २३ ऑगस्टला मध्यरात्र उलटताच साकोला ठार करण्यात आले.

साको १८९१ साली जन्मला. त्याच साली इटलीच्याच सार्डिनिया बेटावर अंतोनिओ ग्राम्शी जन्मला. (आपल्या बाबासाहेबांचेही जन्मवर्ष हेच.) एक हातावर पोट असलेला कामगार, दुसरा शिष्यवृत्तीवर शिकलेला विद्वान, पण तुरिन शहरातील मोटार कारखान्यांच्या कामगारांत ग्राम्शीने १९१९-२० मध्ये जे संघटनेचे काम केले, ते आम्ही युनियनवाले अजून अभ्यासतो. मुसोलिनीच्या सरकारने तो पार्लमेंटचा सभासद असतानाही ८ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याला पकडले, आणि १९२८ मध्ये वीस वर्षे, चार महिने, पाच दिवसांची शिक्षा ठोठावली. वरचे पाच दिवस कोणत्या हिशेबाचे, देव जाणे. त्याची रशियन पत्नी ज्यूलिया मॉस्कोला होती. थोरला देलिओ दोन वर्षांचा, आणि धाकटा ज्युलियानो अटकेपूर्वी दोनच महिने जन्मलेला; त्याला बापाने पाहिलेलेही नव्हते.

ग्राम्शीची मुलांविषयीची मते मऊ नव्हती. मुलाचे मन म्हणजे गुंडाळलेला दोरा, तो नुसता हळूहळू उलगडू द्यावा, ही कल्पना त्याने पत्नीला लिहिलेल्या एका पत्रात खोडून काढली आहे. माणूस घडवावा लागतो, त्यात थोडी सक्तीही आली, असे त्याचे म्हणणे. मला हे निम्मेच पटते. सक्ती काय करते ते आम्ही खात्यात मुकादमाच्या हाताखाली पाहिले आहे. पण गंमत अशी की, प्रत्यक्ष मुलांना लिहिताना हा कठोर पंडित हुकूम सोडीत नाही; तो गोष्ट सांगतो. चांदण्यात सफरचंदे पाठीवरच्या काट्यांना टोचून घरी नेणाऱ्या इवल्या प्राण्यांची हकीकत त्याने देलिओला लिहिली, ती लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली म्हणून.

सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे ती १ जून १९३१ च्या पत्रातली. ही त्याच्या गावाकडची लोककथा. देलिओला सांग, म्हणून त्याने ती ज्यूलियाला लिहून पाठविली. झोपलेल्या मुलाचे दूध उंदीर पिऊन टाकतो. मूल रडते, आई रडते. उंदराला पस्तावा होतो. तो शेळीकडे जातो. शेळी म्हणते गवत आण. रान म्हणते पाणी आण. झरा लढाईत मोडलेला, त्याला गवंडी हवा. गवंड्याला दगड हवेत. आणि डोंगराची झाडे सट्टेबाजांनी तोडून त्याचा नुसता सांगाडा उरलेला. येथपर्यंत आपल्या आज्या सांगतात त्या साखळीच्या गोष्टींसारखीच ही. पुढे उंदीर डोंगराला शब्द देतो की, हे मूल मोठे झाले म्हणजे तुझ्यावर पुन्हा झाडे लावील. डोंगर विश्वास ठेवतो, दगड देतो. मुलाला इतके दूध मिळते की ते दुधाने अंघोळ करते. आणि मोठेपणी ते खरोखर झाडे लावते. गोष्ट ऐकून मुलांना काय वाटले ते कळव, असे बापाने शेवटी विचारले आहे. मुलाच्या वतीने आधीच उधारी झालेली आहे आणि ती त्याने फेडावयाची आहे, हे एवढ्या हळुवारपणे सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

याच काळात आपल्याकडे पंडित नेहरूंनी ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या अवधीत, बहुतेक तुरुंगातूनच, इंदिरेला १९६ पत्रे लिहून जगाचा इतिहास सांगितला. तो ग्रंथ सर्वांना माहीत आहे. त्यावर मी अधिक बोलत नाही. मला बोलावयाचे आहे ते ज्यांची पत्रे ग्रंथात गेली नाहीत त्यांच्याविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. खोलीचा खर्च झेपेना म्हणून हजारो घरांनी बायकामुले गावी धाडली. त्यांत मीही होतो, वय अकरा. वडील चौथी शिकलेले. त्यांची पोस्टकार्डे येत. गुरांना वेळेवर पाणी दाखव, आजीचे ऐक, शाळा बुडवू नकोस. आणि एकदा, शेजारच्या घरचा गडीही संपात आहे, त्यांच्याकडे पीठ आहे का बघत जा. बस. कार्डावर जागा तेवढीच. ती कार्डे एका पावसात भिजून गेली. अशी किती गेली असतील, याची मोजदाद कोणत्या दप्तरात नाही. आणि कामगारांचा इतिहास लिहिणारे मागणीपत्रके आणि करार जपून ठेवतात, तशी ही कार्डे कोणी जपली नाहीत. अजूनही कोणाच्या ट्रंकेत असतील तर ती बाहेर काढावीत, असे मी या व्यासपीठावरून मागतो.

ग्राम्शीची पत्रे उरली, याचे श्रेय त्याच्या मेहुणीला, तातियानाला आहे. ती इटलीत राहिली, त्याला भेटत राहिली, आणि त्याच्या वह्याही तिनेच वाचविल्या. शेवटच्या वर्षांत तो थेट मुलांना लिही. काय वाचतोस, ते खरोखर आवडले का, असे विचारी. इतिहास आवडत असेल तर तो का आवडावा, हेही त्याने देलिओला लिहिले: तो जित्या माणसांविषयी असतो, एकत्र येऊन काम करणाऱ्या, झगडणाऱ्या आणि स्वतःला सुधारणाऱ्या माणसांविषयी. २७ एप्रिल १९३७ रोजी, शिक्षेची कमी केलेली मुदत संपून आठवडाही झाला नव्हता तोच, रोममधील एका इस्पितळात तो वारला. पत्रांचे पुस्तक १९४७ साली निघाले. धाकटा ज्युलियानो तेव्हा वीस वर्षांचा होता.