पास झालेला प्लॉट

आमच्या घरी ट्रंकेत, रेशनकार्डाखाली, प्रयोगशाळेचा एक कागद आहे. 2010 सालचा. त्यावर आमच्या निफाड तालुक्यातल्या दोन एकर थॉमसनचा नोंदणी क्रमांक आणि खाली निकाल: पास. तरी त्या वर्षीच्या मालाचे पूर्ण पैसे आम्हाला मिळाले नाहीत.

ही नोंदणी आली 2003च्या धक्क्यातून. नेदरलँड्समध्ये तेव्हा भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि असिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले होते. तपासणी कडक झाली आणि 2006मध्ये अपेडाने ग्रेपनेट सुरू केलं. युरोपात पेटी उघडली की ती कोणाच्या बागेतली हे कळावं, यासाठी. आण्णांना त्याचं कौतुक होतं. सातबाऱ्यानंतर रानाला मिळालेला हा दुसरा नंबर, असं म्हणायचे.

2010ला युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. ते कीडनाशक नव्हेच. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा जोर आवरून काडीत घड धरावा म्हणून फवारायचे. उन्हाळ्यातली ही फवारणी पुढच्या मार्चच्या मण्यात निघेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे टनभर द्राक्षांत 50 मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारी पूड. आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे नावच नव्हतं! मग प्लॉट पास होणार नाही तर काय?

शेकडो कंटेनर अडकले. सीसीसी यादीत आलं ते त्यानंतर.

आमचा निर्यातदार आधी फोन उचलायचा, मग त्याचा मुनीम, मग कोणीच नाही. "तिकडची पट्टी आली की बघू," एवढंच. माल फेकला, की पडत्या भावात विकला? आण्णा विचारून थकले. पेटीवरच्या नंबरावरून युरोपला आमची बाग सापडत होती. त्याच नंबरावरून आम्हाला आमची पेटी सापडत नव्हती.

त्याच सुमारास मोहाडीला विलास शिंदे आणि काही बागायतदारांनी सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. अशी कंपनी काढायची सोय 2002च्या कायदादुरुस्तीने झाली होती, पण कायदा झाला म्हणून कोणी लगेच एकत्र येत नाही. आण्णा तीन हंगाम गावातल्या व्यापाऱ्यालाच माल देत राहिले. भाव कमी, पण समोरासमोर. चौथ्या वर्षी आमच्याकडच्या अशाच एका नव्या कंपनीच्या सभेला गेले. मीही सोबत होतो. भाषणं झाली, चहा झाला. शेअरच्या फॉर्मवर सही करण्याआधी आण्णांनी एकच विचारलं,

"परदेशातली पट्टी आम्हाला बघायला मिळणार का?"