शोकाचे लेखन : रिद्धपूर ते 'तेरवं'

'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ, हे वाक्य आम्ही वर्गात इतक्या वेळा सांगितले आहे की तो ग्रंथ एका शोकातून जन्मला, ही गोष्ट आमच्याच ध्यानातून निसटली. (परीक्षेत गुण 'आद्य' या शब्दाला मिळतात.)

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, विरहाने खचले. सोबत्यांनी त्यांना सावरून गोविंदप्रभूंकडे रिद्धपूरला आणले, असे परंपरा सांगते. हे गाव आजच्या अमरावती जिल्ह्यातले. गोविंदप्रभूंना महानुभाव परमेश्वरावतार मानतात. लोकांच्या तोंडी मात्र ते 'पिसे' होते, आणि पंथाच्या ग्रंथांनी हा शब्द लपवलेला नाही. त्यांच्या मनात लग्नाचा खेळ आला, तेव्हा भक्तांनी त्यांना आवरले नाही. महदाइसेने धवळे रचले, मंडळी वऱ्हाडी झाली. मराठीच्या आद्य कवयित्रीची कविता अशी, लोकांनी वेडा ठरवलेल्या पुरुषाच्या लहरीला साथ देताना उगवली.

भटोबास पुढे स्वामींच्या लीळांच्या स्मरणात बुडून असत. म्हाइंभटांनी विचारले, हे स्मरण आम्हांलाही द्याल का? मग एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, आणि जे जे प्रसंगी हजर होते त्यांच्याकडे जाऊन ते पडताळावे, असा क्रम सुरू झाला. आमच्या मते महत्त्वाचे आहे ते हे विचारणे. एकट्याने उगाळलेले दुःख ऐकणारा भेटताच कथनाचे रूप घेते. त्याला स्थळ, काळ आणि साक्षीदार लागतात. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा हिराइसेसारख्यांनी ती पुन्हा स्मरणातूनच उभी केली.

याला आजच्या भाषेत 'कलोपचार' म्हणावे काय? आम्हांला संकोच वाटतो. उपचाराला मोजमाप असते. याच अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने नैराश्यावर काम केले; मदतीपर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम समुपदेशनाचे आणि औषधांचे होते, कवितेचे नव्हे. कवितेने कर्जही फिटत नाही.

तरीही रिद्धपूरची ती रीत संपली नाही, असे 'तेरवं' या नाटकावरून वाटते. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या या नाटकात विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः रंगमंचावर आल्या. त्यांतल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. येथे एक फरक मात्र ठळक आहे. भटोबासांचे स्मरण निघून गेलेल्याचे होते. या बायका मागे उरलेल्यांविषयी, म्हणजे स्वतःविषयी बोलतात. तेराव्या दिवशी पाहुणे उठून जातात, त्यानंतरचे हे बोलणे. प्रेक्षकांनी ते दया म्हणून ऐकले की नाटक म्हणून, हा प्रश्न आम्हांला छळतो. कारण दयेने ऐकणारा पडताळत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. म्हाइंभटांनी ते दोन्ही केले होते.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेथे 'तेरवं' शिकवायचे झाले, तर ते नाट्यवाङ्मयात बसवावे की चरित्रवाङ्मयात, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.